कालवडीच्या हाकेला मी दिलेली ओ

आधी गुन्हा कबूल करते. सोळाव्या वर्षी, भर दुपारी, नणंदेच्या सोयरिकीला आलेल्या पाच पाहुण्यांसमोर, डोक्यावरचा पदर खांद्यावर घसरलेला आणि हातात पुरणाने माखलेली पळी, अशा थाटात मी चुलीपासून उठून ओसरीवर धावत गेले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "आली जी!"

मला कोणी बोलावलं नव्हतं. तुम्ही अंगणातल्या कालवडीला हाक मारली होती.

आता हसा. तुम्हाला हसायला तीस वर्षं मिळाली, तेव्हा तुम्ही हसला नाहीत. उलट भांडलात. अन् भांडण अर्ध्यावर सोडून निघून गेलात. याला काय म्हणायचं? माझी बाजू ऐकून घ्यायला माणूस जागेवर नको का?

परवा तुमची तेरवी झाली. वसंताने, आपल्या मास्तर लेकाने, तुमच्यावर एक कागद छापून आणला आणि पाहुण्यांना वाटला. त्यात तुमचा जन्म आहे, शेती आहे, गावच्या विहिरीसाठी केलेली खटपट आहे, आणि 'कै. दादा अत्यंत मितभाषी होते' असं एक वाक्य आहे. मितभाषी म्हणे! मला ते वाचून इतका राग आला की मी तो कागद घडी करून पाटाखाली सारला. मितभाषी नव्हता तुम्ही. तुम्ही एका शब्दासाठी अडून बसलेले हट्टी होतात. हे दोन्ही निरनिराळं असतं, पण पोराला कुठून कळणार? त्या शब्दाची हकिकत त्याला माहीतच नाही. म्हणून मी लिहायला बसले. सूनबाई म्हणाली, "सासूबाई, मनातलं लिहा, मोकळं वाटंल." मोकळं वगैरे काही नाही. मला भांडायचं आहे.

तुमचं नाव मी इथेही लिहिणार नाही. उभ्या जन्मात घेतलं नाही, आता कागदावर घेऊन काय उपयोग. तुम्हीही माझं घेतलं नाहीत. लग्नात तुमच्या घरच्यांनी माझं माहेरचं नाव बदलून ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं, सगळ्यांनी वाकून वाचलं, आणि मग त्या नावाने हाक कोणी मारलीच नाही. आत्याबाई, म्हणजे तुमची माय, मला 'सूनबाई' म्हणायच्या. धाकटे दीर 'वयनी' म्हणायचे. तुम्ही काहीच म्हणत नव्हता. खाकरत होतात. खाकरलात की पाणी, दोनदा खाकरलात की जेवण. मामंजी निदान आत्याबाईंना ओसरीवरून "आयकलं का?" तरी म्हणायचे. मी नवी नवरी, मला तेवढंही नव्हतं.

आणि मग जऊळक्याचं स्टेशन आलं मधे.

तुमच्या मावशीला गाडीत बसवून द्यायला आपण दोघं छकड्यातून गेलो होतो. रेल्वे नवीनच झालेली. गाडी यायला वेळ होता. फलाटावर एक गोरा साहेब आणि त्याची मडम उभी होती. मी पदराआडून सगळं पाहत होते. पदर डोळ्यांवर ओढला की जास्त नीट दिसतं, हे तुम्हा पुरुषांना कधी कळलं नाही. मडमेची छत्री वाऱ्याने उडाली. साहेब लांब उभा राहून कसला तरी कागद वाचत होता. तिने तिथूनच, हमालांसमोर, मास्तरांसमोर, आपल्यासमोर, गळा मोकळा करून हाक मारली, "डार्लिंग!" साहेबाने कागद सोडला आणि छत्रीमागे धावला. एवढा मोठा साहेब! छत्री आणून दिली तेव्हा तोही तिला तेच म्हणाला.

तुम्ही इंग्रजी पाचवीपर्यंत शिकलेले. परतताना छकड्यात मी विचारलं, "तिनं त्याचं नाव घेतलं जी? चारचौघांत?"

"नाव नोय. शब्द हाय तो. लय लाडक्या मानसाले म्हनतेत."

"बाईनं मानसाले?"

"बाईनं मानसाले म्हनावं, मानसानं बाईले म्हनावं. दोगायले चालते."

मला तर तो शब्द म्हणजे दोन्हीकडून उघडणारं दार वाटला. आपल्याकडे बाईसाठी वेगळं, माणसासाठी वेगळं, आणि बाईसाठी बहुतेक वेळा काहीच नाही. थोडं अंतर गेल्यावर तुम्ही बैलांच्या पाठीकडे बघत, माझ्याकडे न वळता, अगदी हळू म्हणालात, "डार्लिंग."

मी म्हणाले, "कोनाले, बैलाले?"

कसली अवदसा आठवली मला, कोण जाणे. सोळा वर्षांची होते, मराठी तिसरी पास होते, आणि गावात माझ्याएवढी हुशार दुसरी नाही याबद्दल माझी खात्री होती. अशा हुशारीला वेळेवर एक चापट बसली असती तर पुढचं रामायण टळलं असतं. तुम्ही मात्र वळून पाहिलंत आणि हसलात. तुमचा तो चेहरा मी अजून विसरले नाही. वसंताच्या कागदावरच्या फोटोत तो नाही. त्या फोटोत तुम्ही फौजदार दिसता.

त्यानंतर तुम्हाला तो शब्द म्हणायचं वेडच लागलं. पण म्हणणार कुठे? घरात आत्याबाई, ओसरीवर मामंजी, शेतात वेचणीच्या बाया. दिवसाउजेडी नवरा-बायकोनं एकमेकांकडे पाहायचं नाही, हा आपल्या घराचा कायदा. मग तुम्ही जी अक्कल लढवली ती तुमचीच होती, हे आज सगळ्यांसमोर लिहून ठेवते, कारण पुढे तीस वर्षं तुम्ही ती माझ्या माथी मारलीत. गायीला कालवड झाली. तांबडी, कपाळावर पांढरा चांद. घरातल्या जनावरांची नावं ठेवायचा मान आत्याबाईंचा. त्या 'चांदी' म्हणणार होत्या. तुम्ही मधेच म्हणालात,

"माय, हिचं नाव डार्लिंग ठेव."

"हे काय नाव व्हय रे?"

"साहेबलोकाच्या गाईचं नाव हाय."

"दूध देते का लय?"

"लय!"

"मंग ठेव बापा."

झालं. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही अंगणात उभे राहून, राजरोस, आई-बापाच्या देखत हाका मारायला मोकळे. "डार्लिंग! ए डार्लिंग! खाल्लं का वं तू?" मी चुलीपुढे बसून भाकरी थापायची आणि भाकरीकडे बघून हसायची. कालवड बिचारी एकदाही तुमच्याकडे बघायची नाही. ती तिच्या पेंढीत मग्न. संध्याकाळी, "डार्लिंग, आज दमली दिसतं!" कालवड दिवसभर सावलीत बसलेली, दमायला तिला काय झालं होतं? मीच पऱ्हाटीचा कापूस वेचून आले होते.

लोकांना वाटेल मी सुखात होते. होते. पण आतून चिडतही होते. कारण शब्द दोघांना चालतो असं तुम्हीच सांगितलं होतं, आणि मी तुम्हाला एकदाही तो म्हटला नव्हता. शेतात पऱ्हाटीच्या ओळीत एकटी असले की मी सराव करायची. बोंडं वेचता वेचता झाडाला म्हणायची, "डार्लिंग." झाड काही बोलायचं नाही, म्हणून हिंमत यायची. तुमच्यासमोर आले की जीभ टाळ्याला चिकटायची. मग मी काय म्हणायची? "जेवाले या जी." एवढंच. असली मी शूर.

आता त्या दुपारचं. मंगरूळपीरकडचे पाहुणे नणंदेला पाहायला आले होते. घरात पुरणाचा घाट. कालवडीने दावं तोडलं आणि ती ओसरीखाली ठेवलेल्या पाहुण्यांच्या जोड्यांपर्यंत गेली. एका जोड्याचा तिने घासही घेतला म्हणे. तुम्ही ओरडलात, "डार्लिंग! ए डार्लिंग, इकडं ये!"

आणि मी गेले.

मी विचार केला नाही. हाच माझा गुन्हा. गेले दोन महिने तो शब्द आला की माझं सगळं अंग 'आले' म्हणायचं. त्या दिवशी तोंडही म्हणालं. ओसरीवर पाय पडला तेव्हा मामंजींचा हात सुपारीच्या डब्यावर थांबलेला. पाच पाहुणे माझ्याकडे बघत होते. कालवड जोडा तोंडात घेऊन माझ्याकडे बघत होती. तुम्ही जमिनीकडे बघत होतात. पळीतून पुरणाचा गोळा माझ्या पायावर पडला.

सगळ्यात म्हातारा पाहुणा म्हणाला, "सूनबाईचं नाव काय म्हनले जी?"

तुम्ही इतक्या घाईने बोललात की मला दया आली. "नाही नाही, नाव कालवडीचं हाय! कालवडीकडं पाहाची जबाबदारी इच्याकडं हाय. म्हून आली."

"व्वा," म्हातारा म्हणाला. "चूल सोडून गोठ्यासाठी धावली. कामाची हाय सून." मामंजी मान डोलवत राहिले. सोयरीक जमली. नणंद आजही म्हणते, माझं लग्न त्या कालवडीने जमवलं.

पण त्या दिवसापासून तुमचा आवाज बंद. कालवडीला तुम्ही "ए, हट" म्हणू लागलात. मला तर काहीच नाही. आठवड्याने एकदा ओसरीवरून शब्द आला, मी कान टवकारले, तर तुम्ही म्हणत होता, "आयकलं का?" तुमच्या बापाचा आवाज, तुमच्या बापाचे शब्द. मला रडू आलं, आणि रडतेय कशाला म्हणून स्वतःचा रागही आला.

तुम्हाला भीती वाटत होती की मायला कळलं. तुम्ही मला पऱ्हाटीत गाठून विचारलंत, "माय काही बोलली का?" मी म्हणाले, "नाही." तुमचा जीव भांड्यात पडला, पण शब्द काही परत आला नाही. म्हणालात, "आता तुव्यामुळं मले म्हनता येत नाही. तू ओ देली नसती तं चाललं असतं."

"तुमी गाईले नाव देलं नसतं तं म्या ओ देली नसती!"

"बरं. मंग आता तू म्हन. तू एकदा म्हन, मंग मी म्हनतो."

"तुमी आधी."

"म्या लय डाव म्हनलं. तुवी पाळी."

पाळी! जणू मोट हाकायची होती. मी म्हटलं नाही. तुम्ही म्हटलं नाही. तीस वर्षं आपण तिथेच उभे. मधे चार पोरं झाली, मामंजी गेले, आत्याबाई गेल्या, दोनदा दुष्काळ आला, घराची कौलं बदलली, आणि तुम्ही अधूनमधून जेवताना ताटावरून मान वर करून विचारायचात, "मंग, म्हनतं का?" मी म्हणायची, "कढी वाढू का?"

बरं, शब्द घरातून गेला असता तर मी विसरले तरी असते. पण गाय होती ना! कालवडीची गाय झाली, ती चौदा वर्षं जगली, आणि आख्खं घर, आख्खी आळी तिला त्याच नावाने हाका मारायची. आत्याबाई धार काढायला बसल्या की सुरू, "डारलिंग, सटवे, पान्हा चोरतं का? डारलिंग, लाथ मारजो नको मा!" मला छकड्यात एकदाच मिळालेला शब्द सकाळ-संध्याकाळ त्या लाथाडीला. शेजारीण यायची, "तुमची डारलिंग आमच्या तुरीत शिरली वं बाई." मी हाकलायला जायची. कुठल्या तोंडाने तिच्यावर काठी उगारू? ती माझी सवत होती की माझी मी, तेच मला कळत नव्हतं.

गाय मेली तेव्हा तुम्ही धोतराच्या सोग्याने डोळे पुसलेत. मी म्हणाले, "इतकं रडू राह्यले, मी मेल्यावर कराल का एवढं?" तुम्ही म्हणालात, "ते कवा उलटून बोलत नव्हती." मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. तुमच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

आणि गेल्या दिवाळीचं? वसंता आणि सूनबाई वाशिमहून आले होते. पोरगा अंगणात आंघोळ करत होता. तुम्ही बशीत चहा ओतून फुंकत होता. वसंता ओरडला, "डार्लिंग, माझा टॉवेल कुठाय?"

तुमच्या हातातून बशी पडली.

"टावेलासाठी?" तुम्ही इतक्या मोठ्याने बोललात की शेजारचे डोकावले. "त्या शब्दानं टावेल मांगतं का बे?"

पोरगा साबणाच्या फेसातून बघत राहिला. त्याला वाटलं, दादांना इंग्रजीचा राग आला. देश स्वतंत्र व्हायची बोलणी चालू आहेत म्हणून असेल. सूनबाई बिचारी टॉवेल घेऊन जी गेली ती जेवणापर्यंत बाहेर आली नाही. मी तुम्हाला आत ओढून म्हणाले, "तुमी तं गाईले देला व्हता तो शब्द! पोरावर कायले वरडता?"

तुम्ही म्हणालात, "गाईनं चारचौघांत ओ तं देली नाही."

तीस वर्षांनंतर! तेच! मला इतका संताप आला, आणि मग इतकं हसू आलं, की मी फुटलेली बशी हातात घेऊन चुलीपुढे बसले आणि मला कोणते अश्रू कशाचे ते समजेना. बाहेरून तुम्ही खाकरलात. एकदाच. मी पाणी नेऊन दिलं. पाणी घेताना तुमची बोटं माझ्या बोटांवर जरा जास्त वेळ थांबली, हे मी पाहिलं नाही असं तुम्हाला वाटलं असेल. पाहिलं होतं.

तुमच्यावर मी चिडते, पण एक सांगते. तुम्ही खरोखर मितभाषी असतात तर मी इतकी वर्षं वाट पाहिली नसती. तो शब्द तुमच्यात आहे हे मला माहीत होतं. छकड्यात एकदा ऐकला होता. कणगीत दाणे आहेत हे माहीत असलेली बाई जशी निश्चिंत असते, तशी मी होते. फक्त कणगी उघडायची कोणी, यावर आपला वाद.

आता जे लिहायचं आहे त्यासाठीच खरं तर बसले, आणि इतका वेळ गायीच्या गोष्टी सांगत टाळते आहे.

जायच्या तीन दिवस आधी तुमची बाज अंगणात निंबाखाली टाकली होती. ताप उतरला होता, आम्हाला वाटलं बरे होताय. दुपार होती. मी तुमच्या पायांना तेल लावत होते. तुम्ही डोळे न उघडता विचारलंत, "त्या दिवशी मायले काही समजलं व्हतं का वं?"

कोणत्या दिवशी, हे मी विचारलं नाही. तुम्हीही सांगितलं नाहीत.

मी म्हणाले, "नाही जी. काही नाही समजलं."

तुम्ही "हं" म्हणालात. मला वाटलं, जीवाला बरं वाटलं असेल. तीस वर्षांपूर्वी पऱ्हाटीत दिलं होतं, तेच उत्तर दिलं; जिभेला वळणच पडलं होतं. पण तुम्ही गेल्यापासून तोच 'हं' माझ्या कानात आहे, आणि मला वाटतं तो सुटकेचा नव्हता. तुम्हाला दुसरं उत्तर हवं होतं. मी 'हो' म्हटलं असतं तर तुम्ही कदाचित... जाऊ द्या. मीही कदाचित...

मी खोटं बोलले होते. त्या दिवशी पऱ्हाटीत, आणि निंबाखालीही. आत्याबाईंनी मला शपथ घातली होती. त्या वारल्या तेव्हा शपथ सुटली, तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण तोवर माझा हट्ट पक्का झाला होता. मायची परवानगी आहे हे कळल्यावर तुम्ही म्हणाल, तर त्यात माझं काय राहिलं? भीती असताना म्हणा, तर खरं. असली माझी अक्कल. सोळाव्या वर्षीची हुशारी मी शेहेचाळिसाव्यातही जपून ठेवली होती, मसाल्याच्या डब्यासारखी.

तर ऐका. पाहुणे गेले त्या संध्याकाळी आत्याबाईंनी मला गोठ्यात बोलावलं. मला वाटलं, आता माहेरी धाडतात. त्या कालवडीच्या मायची धार काढत होत्या, माझ्याकडे पाठ होती. त्यांनी धार थांबवली नाही. चरवीत दुधाचा आवाज चालू होता आणि त्या आवाजातच त्या बोलल्या. तुमच्या मायचे शब्द आहेत, त्यात माझा एकही घातलेला नाही:

"वासराले हाक मारतानी कोनी चुलीकडं पाहत नसते वं बाई. मले पयल्या दिवशीच समजलं. पन त्याले सांगजो नको, मावी आन हाय तुले. लाजंल अन् बंद करंल. म्हनू दे त्याले. मले या घरात 'आयकलं का'च्या पुढं कोनी काही म्हनलं नाही. घरात कोनी तरी कोनाले तरी म्हनलं पायजे."